जुन्या पीसीचा सातबारा: ९८, एक्सपी आणि लिनक्स एकाच हार्ड डिस्कवर

सावंतवाडी, कुडाळ, राजापूर, चिपळूण. कुठल्याही बाजारपेठेत जा, एखादं जुनं डीटीपीचं दुकान सापडतंच. पुढच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर असतो. मागे, लॅमिनेशन मशीनच्या बाजूला, पिवळट पडलेला एक सीपीयू असतो आणि तो भंगारात द्यायचं नाव कोणी काढत नाही. कारण त्यात गावाची वीस-पंचवीस वर्षं आहेत: लग्नपत्रिका, देवस्थानची पावती पुस्तकं, जत्रेतल्या दशावतारी नाटकांची हँडबिलं, हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये, आणि सगळं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला एकच ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये.

‘मग फायली नव्या लॅपटॉपवर घ्या की,’ असं तरुण मंडळी चटकन म्हणतात. घेता येतात, वाचता येत नाहीत. त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवले होते, आणि प्रत्येकाची बसवायची पद्धत निराळी होती. फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं ते २००० साली, विंडोज २००० बरोबर, मंगल फॉन्ट घेऊन. एक्सपीतसुद्धा ती सोय सीडी घालून वेगळी चालू करावी लागायची. आज जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते मजकूर बदलतात, पानाची मांडणी नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, सन २००१. त्याच्या जागी आलेला इनडिझाइन हा प्रोग्राम सीएस ६ या आवृत्तीपर्यंत त्या फायली उघडायचा, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडलं.

त्यात भर म्हणजे लॉक. तेव्हाच्या बऱ्याच मराठी पॅकेजांबरोबर आगपेटीएवढा एक तुकडा यायचा, तो प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या मागे. लॉक नसेल तर पॅकेज चालत नाही. अशा एका दुकानात पीसी उघडायला बसलो, की मालक काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘ता लॉक काढू नको हां, ता गेला काय सगळा गेला.’ काकांचं बरोबरच आहे. नव्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. बाजारातली यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटर चालवते, पण लॉक बहुधा ओळखत नाही. कारण जुनं पॅकेज ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर थेट पोर्टशी बोलायला जातं आणि त्या केबलमागे तसा पत्ताच नसतो.

आणि इथेच विंडोज ९८ का लागतं तेही कळतं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये कुठलाही प्रोग्राम उठून थेट पोर्टला हात घालू शकायचा. एनटीच्या घराण्यात, म्हणजे २००० आणि एक्सपीत, ते चालत नाही. मध्ये ड्रायव्हर लागतो. लॉकचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर तुमच्याकडे असेल तर उत्तम, नसेल तर ९८ शिवाय गत्यंतर नाही. पण ९८ वर पेन ड्राइव्ह सरळ चालत नाही, नवा स्कॅनर चालत नाही, म्हणून एक्सपीही हवं. आणि या दोघांचा बॅकअप धड घ्यायचा तर लिनक्स हवं. झाले तीन.

तीन ऑपरेटिंग सिस्टिम एका पीसीवर ठेवणं म्हणजे चालू करताना एक मेनू येणं, असं बहुतेकांना वाटतं. मेनू हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. अवघड गोष्ट वेगळीच: या जुन्या सिस्टिम लिहिल्या गेल्या तेव्हा त्यांच्या कर्त्यांनी ‘हा अख्खा कॉम्प्युटर माझा’ असंच धरलं होतं. शेजारी कोणी असेल हे त्यांच्या गावीही नाही. त्यामुळे सगळं कसब आहे ते त्यांना एकमेकींची नजर पडू न देण्यात.

चालू केल्यावर नेमकं काय होतं

बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे बोर्डावरच असलेला सुरुवातीचा प्रोग्राम, जागं होतं, मेमरी-कीबोर्ड तपासतं आणि हार्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतं. सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. एवढ्याशा जागेत सगळा कारभार: पहिले ४४६ बाइट हा एक छोटा प्रोग्राम, पुढचे ६४ बाइट पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांची, नोंद, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे सही, ५५ आणि एए. सही जुळली की बायोस त्या छोट्या प्रोग्रामच्या हाती सूत्रं देतं आणि आपण बाजूला होतं.

तो प्रोग्राम नोंदीत बघतो, कुठल्या पार्टिशनवर ‘चालू’ अशी खूण आहे. मग त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर वाचून त्याला पुढे ढकलतो. ९८ असेल तर तिथून आयओ.सिस नावाची फाइल उचलली जाते, एक्सपी असेल तर एनटीएलडीआर, विंडोज ७ असेल तर बूटएमजीआर. विंडोजचा लोगो दिसतो तो यानंतर. म्हणजे दोन टप्पे आहेत: डिस्कचा पहिला सेक्टर, आणि पार्टिशनचा पहिला सेक्टर. मल्टिबूटच्या, म्हणजे एका पीसीवर अनेक सिस्टिम ठेवण्याच्या, निम्म्या तक्रारी हे दोन टप्पे वेगळे न धरल्यामुळे होतात.

आता ते ६४ बाइट. यालाच मी सातबारा म्हणतो. कोकणात सातबारा कसा असतो हे सांगायला नको, चार गुंठे जमीन आणि बावीस नावं. हार्ड डिस्कच्या सातबाऱ्यावर मात्र चारच ओळी मावतात, एकेक १६ बाइटची. प्रत्येक ओळीत ती वाटणी चालू आहे की नाही, कुठून सुरू होते, किती सेक्टरची आहे आणि कुठल्या प्रकारची आहे, एवढं लिहिलेलं असतं. ही पद्धत १९८३ ची. आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, आणि डॉस २.० बरोबर ही चार ओळींची नोंद आली. गंमत म्हणजे १० एमबीच्या डिस्कवर चार सिस्टिम नांदू शकतील ही सोय तेव्हाच करून ठेवली होती. पुढे प्रत्येक सिस्टिमने आपण एकटेच आहोत असं वागायचं ठरवलं ते वेगळं. चारपेक्षा जास्त वाटण्या हव्यात तर चारपैकी एका ओळीत ‘एक्स्टेंडेड’ लिहायचं आणि तिच्या पोटात हव्या तेवढ्या लॉजिकल पार्टिशन करायच्या. विंडोजला चालू व्हायला मूळ चारांपैकी एक ओळ लागते. लिनक्सला पोटातली जागा चालते.

प्रकाराचा आकडा सगळ्यात कामाचा. फायली साठवायची पद्धत त्यावरून कळते: ०६ म्हणजे डॉसच्या काळचं फॅट १६, ०७ म्हणजे एक्सपीचं एनटीएफएस, ८३ म्हणजे लिनक्स. सिस्टिम आधी हा आकडा बघते आणि ओळखीचा नसेल तर त्या वाटणीकडे ढुंकून पाहत नाही, तिला ड्राइव्हचं अक्षर देत नाही. लपवण्याची युक्ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा कळल्यावर हसू येतं: ०६ चे १६ करायचे, ०७ चे १७. आतला एकही बाइट हलत नाही, फायली जिथल्या तिथे. पण विंडोजच्या लेखी ती जागा कोणा तिऱ्हाइताची झाली. परत हवी तेव्हा १६ चे ०६.

आधी थोरला, मग धाकटा

दुकानातल्या पीसीत सहसा काय असतं? पेंटियम ४, ८४५ चिपसेटचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची आयडीई डिस्क. ९८ ला ही रॅम अगदी काठावर बरोबर आहे. ५१२ एमबीच्या वर गेलात तर ९८ ‘मेमरी कमी आहे’ असं सांगून अडतं. खरी भानगड उलटी असते, मेमरी जास्त झाल्यामुळे त्याच्या कॅशचा हिशेब चुकलेला असतो. त्यावर सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये कॅशला मर्यादा घालायचा उपाय आहे, पण एक रॅमची पट्टी काढून ठेवणं जास्त सोपं.

डिस्कच्या आकाराच्याही भिंती आहेत. डॉस ६.२२ ला एक पार्टिशन २ जीबीपर्यंत चालतं आणि डिस्कच्या पहिल्या ८ जीबीपलीकडचं दिसतच नाही. ९८ ची भिंत १३७ जीबीवर आहे, आणि ती धोक्याची, कारण तिथे ते थांबत नाही. त्यापलीकडे लिहायला गेलं की फिरून डिस्कच्या सुरुवातीला लिहितं आणि सगळं धुऊन नेतं. एक्सपीत ही अडचण सर्व्हिस पॅक १ नंतर सुटली. ८० जीबी डिस्कवर हा प्रश्न येत नाही. मात्र ९८ चं वाटण्या पाडायचं मूळ साधन, एफडिस्क, ६४ जीबीच्या वरची डिस्क असेल तर आकार भलताच दाखवतं, म्हणून वाटण्या त्याच्याकडून करून घेऊ नका. लिनक्सची सीडी लावून तिच्यातल्या जीपार्टेड या साधनात एकदाच सगळ्या वाटण्या पाडा आणि नंतर दुसऱ्या कुठल्या साधनाने त्यांना हात लावू नका. जुनी साधनं पहिली वाटणी ६३ व्या सेक्टरपासून धरतात, नवी २०४८ पासून; दोघांनी एकाच नोंदीत खाडाखोड केली की नोंद बिघडते.

८० जीबीची डिस्क प्रत्यक्षात सत्तर-पंचाहत्तर जीबी दिसते. त्यातले पहिले ८ जीबी ९८ ला, फॅट ३२. पुढचे २० एक्सपीला, एनटीएफएस. उरलेल्याचं एक्स्टेंडेड, त्यात आधी ३० जीबी सामाईक जागा आणि मग लिनक्स. सामाईक जागा ३० च का? तर एक्सपी ३२ जीबीपेक्षा मोठं फॅट ३२ फॉरमॅट करून देत नाही, आणि पुढे कधी ते तिथूनच फॉरमॅट करायची पाळी आली तर अडायला नको.

आता विंडोज मारायचा, म्हणजे इन्स्टॉल करायचा, क्रम. जुनं आधी, नवं नंतर, याला दुसरा पर्याय नाही. विंडोजचा प्रत्येक इन्स्टॉलर पहिल्या सेक्टरमधला छोटा प्रोग्राम स्वतःचा लिहून मोकळा होतो, आधी तिथे काय होतं ते विचारत नाही. नव्याला जुन्याची निदान ओळख असते, जुन्याला नव्याची असणंच शक्य नाही. ७ नंतर एक्सपी मारलं की ७ चालू होत नाही ते यामुळे. मग माणसं घाबरतात, ‘डेटा गेला’ म्हणून फोन करतात. डेटा कुठे जात नाही. ४४६ बाइटचा प्रोग्राम बदललेला असतो, ६४ बाइटची नोंद आणि त्यामागच्या वाटण्या जागेवर असतात. अशा वेळी घाईने फॉरमॅट मारणारा मुलगा दुकानात न येवो एवढंच.

९८ नंतर एक्सपी मारायचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे काहीच न लपवता मारणं. एक्सपी ९८ ला ओळखतं, त्याचा ५१२ बाइटचा बूट सेक्टर बूटसेक्ट.डॉस नावाने जपून ठेवतं आणि बूट.आयएनआय फाइलमध्ये दोघांचा मेनू करतं. पंधरा मिनिटं वाचतात. पण एक्सपीचा एनटीएलडीआर ९८ च्या सी ड्राइव्हमध्ये जाऊन बसतो आणि एक्सपीला स्वतःला सी सोडून दुसरं अक्षर मिळतं. पुढे कोणी ‘९८ बिघडलंय, सी फॉरमॅट मारतो’ म्हणून बसला की दोन्ही एकदम बंद.

मला दुसरा मार्ग पटतो. ९८ मारून झालं, लॉक आणि पेजमेकर चालतंय याची खात्री झाली, की ती वाटणी लपवायची, एक्सपीच्या वाटणीवर ‘चालू’ची खूण करायची आणि मग एक्सपीची सीडी घालायची. एक्सपीला वाटतं आपण एकटेच. त्याचा एनटीएलडीआर त्याच्याच घरात राहतो आणि तेही स्वतःला सी म्हणवतं. शेवटी लिनक्स मारायचं, त्याचा ग्रब, म्हणजे कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा प्रोग्राम, पहिल्या सेक्टरमध्ये बसवायचा. ग्रबच्या मेनूतल्या प्रत्येक नोंदीत लिहून ठेवता येतं: ९८ निवडलं तर एक्सपीची वाटणी लपव, ९८ ची उघड, तिला चालू कर, आणि तिच्या पहिल्या सेक्टरला पुढे ढकल. एक्सपी निवडलं तर याच्या उलट. ग्रबला विंडोज कसं चालू होतं हे माहीत असायची गरजच पडत नाही.

याचा एक फायदा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि डीटीपीवाल्याला तोच सगळ्यात मोठा आहे. सामाईक वाटणी दोन्हीकडे डीच राहते. ९८ मध्ये सी म्हणजे ९८, डी म्हणजे सामाईक. एक्सपीत सी म्हणजे एक्सपी, डी म्हणजे सामाईक. पेजमेकर मोठे फोटो फाइलमध्ये घेत नाही, त्यांचा रस्ता लिहून ठेवतो: डी ड्राइव्ह, त्यात स्मरणिका, त्यात फोटो, त्यात अध्यक्ष. अक्षर बदललं की दीडशे पानांच्या स्मरणिकेतला एकेक फोटो कुठे आहे हे पेजमेकर तुम्हाला विचारत बसतो. अध्यक्षांपासून स्वागत समितीपर्यंत सगळे.

लिनक्स कुठलं, हा प्रश्न हल्ली अवघड झालाय. पेंटियम ४ बहुतेक ३२ बिटचा. डेबियनने १२ व्या आवृत्तीपर्यंत ३२ बिटचा इन्स्टॉलर दिला, २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत बंद केला. म्हणून १२ किंवा त्यावर बेतलेलं अँटीएक्ससारखं हलकं काहीतरी घ्या. आपल्याला त्यावर सिनेमा बघायचा नाही, बॅकअप घ्यायचाय.

विंडोज ९५ हवंच असं कोणी म्हणालं तर मी नको म्हणतो. ९५ सुरू होताना एक छोटं आवर्तन ठरावीक वेळा फिरवून किती वेळ लागला ते मोजतं आणि त्या वेळेने भागाकार करतं. प्रोसेसर फार वेगवान निघाला की लागलेला वेळ शून्य भरतो, शून्याने भागता येत नाही, आणि सिस्टिम सुरू व्हायच्या आधीच कोसळते. एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे पहिल्यांदा दिसलं. ते दुरुस्त झालं तर २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे नेटवर्कच्या भागात तसंच पुन्हा निघालं. कॉम्प्युटर जास्त चांगला आहे म्हणून प्रोग्राम मरतो याचं इतकं शुद्ध उदाहरण दुसरं नसेल.

पाऊस, लाइट आणि खारं वारं

सामाईक जागा फॅट ३२ ठेवावी लागते, कारण ९८, एक्सपी आणि लिनक्स या तिघांना वाचता-लिहिता येणारी तीच एक आहे. दुर्दैवाने लाइट गेल्यावर सगळ्यात आधी मोडणारीही तीच. एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी ४ पद्धत, दोन्ही आधी ‘आता अमुक करणार आहे’ असं टिपण लिहितात आणि मग काम करतात; मध्येच वीज गेली तर टिपण वाचून घडी नीट बसवतात. फॅटला असं टिपण नाही. फाइल लिहिली जाताना लाइट गेली तर कुठला तुकडा कोणाचा याचा गोंधळ उरतो आणि पुढच्या वेळी ९८ निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क घेऊन बसतं. मृग लागल्यावर दिवसातून किती वेळा लाइट जाते हे कोकणात राहणाऱ्याला विचारू नये.

तेव्हा यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच बदलून घ्या. शिवाय ९८ मध्ये एक पर्याय आहे, फार कमी जण वापरतात: सिस्टिमच्या परफॉर्मन्समध्ये, फाइल सिस्टिममध्ये, ट्रबलशूटिंगच्या पानावर ‘मागाहून लिहिणं बंद’ अशा अर्थाची चौकट आहे. तिच्यात टिक केली की ९८ डेटा मेमरीत साठवून न ठेवता लगेच डिस्कवर टाकतं. काम जरा मंदावतं, पण पत्रिका वाचते.

दुसरी खबरदारी हायबरनेटची, म्हणजे चालू काम डिस्कवर जसंच्या तसं ठेवून पीसी बंद करण्याची. एक्सपी हायबरनेट करून तुम्ही लिनक्समध्ये गेलात, सामाईक जागेत दोन फायली टाकल्या आणि परत एक्सपीत आलात, तर एक्सपी जागं होतं ते जुनी नोंद डोक्यात घेऊन. त्याला वाटतं डिस्क मघाशी होती तशीच आहे, आणि ते त्याच समजुतीने तीवर लिहितं. लाइट जाण्यापेक्षाही हे वाईट. हायबरनेट बंदच करून टाका.

घड्याळाची भानगड निरुपद्रवी, पण वैतागवाणी. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. दोघं आळीपाळीने चालवलीत की साडेपाच तासांचा फरक पडत राहतो आणि संध्याकाळी केलेली फाइल दुपारची दिसते. लिनक्सला एकदा सांगून ठेवायचं की बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेत आहे, विषय मिटला. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ सरकवतात, तिथे प्रत्येक सिस्टिम स्वतंत्रपणे तास सरकवते आणि वेळ दुप्पट सरकते. आपण त्यातून सुटलो. तारीखच मागे गेली असेल तर मात्र दोष कुठल्याच सिस्टिमचा नाही, बोर्डावरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटण बॅटरी संपली आहे. तीबरोबर बायोसमधल्या सेटिंग्जही जातात. पॅरलल पोर्टचा पत्ता ३७८ वरून हलला तर लॉक दिसेनासं होतं, आणि काकांचा जीव टांगणीला लागतो.

खाऱ्या हवेचं तर काय सांगावं. देवगड-मालवणच्या बाजूला, खाडीजवळच्या दुकानात, पावसाळ्यात चार महिने बंद पडून राहिलेला पीसी सुरू करताना नुसत्या शिट्ट्या मारतो, पडद्यावर काही नाही. नव्वद टक्के वेळा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर काळपट थर आलेला असतो. पट्टी काढायची, शाळेच्या खोडरबराने कड हलक्या हाताने घासायची, कोरड्या ब्रशने बारीक कचरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवायची. तेच आयडीई केबलचं. ऐंशी तारांची केबल असेल तर निळं टोक बोर्डाला, काळं टोक मुख्य डिस्कला. हे उलटं लावून डिस्क गेली म्हणून बोंब मारणारे खूप. बोर्डावरचे उभे कपॅसिटर डोक्याला फुगलेले दिसले तर मात्र खोडरबराने भागणार नाही. २००० नंतरच्या चार-सहा वर्षांतल्या असंख्य बोर्डांवर खराब कपॅसिटर लागले होते. ते बदलून देणारा टीव्ही-मेकॅनिक अजून तालुक्याला सापडतो, त्याचा नंबर जपा.

इंटरनेट? नको. ९८ ला अपडेट मिळणं ११ जुलै २००६ ला थांबलं, एक्सपीला ८ एप्रिल २०१४ ला, ७ ला १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला याच रांगेत आलं. तशीही एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत, कारण त्या मागतात ती नवी सुरक्षित जोडणी त्याला येत नाही. नेटवर्कची केबल लावूच नका. फायली पेन ड्राइव्हने न्या-आणा, आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी लिनक्समध्ये लावा. ‘न्यू फोल्डर’ नावाचं सोंग घेऊन बसलेला तो व्हायरस दोन हजारच्या दशकात प्रत्येक सायबर कॅफेत होता आणि जुन्या पेन ड्राइव्हवर अजून निघतो. एक्सपीत फोल्डर समजून त्यावर क्लिक केलं की संपलं. लिनक्समध्ये ती नुसती एक फाइल दिसते, शेवटी ईएक्सई लावलेली, आणि सरळ उडवता येते.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एक विचारतो: तुम्हाला लॉक आहे का? नसेल, नुसते डॉसचे जुने खेळ किंवा ९८ ची आठवण हवी असेल, तर वाटण्यांच्या नादी लागू नका. नव्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स हे जुन्या पीसीची नक्कल करणारे प्रोग्राम टाका. ८६बॉक्स तर जुना बोर्ड, जुनं बायोस, जुनं ग्राफिक्स कार्ड सगळं जसंच्या तसं नक्कल करतं. आणि लॉक आहे पण वाटण्यांची कटकट नको, तर दोन डिस्क घ्या, एकीवर ९८, एकीवर एक्सपी, आणि सीपीयूच्या तोंडाला काढ-घाल करायचा ट्रे बसवा. त्यात कोणी कोणाला दिसायचा प्रश्नच राहत नाही.

वाटण्या केल्याच असतील तर शेवटचं काम त्याच दिवशी करा. लिनक्समध्ये जाऊन आधी पहिल्या सेक्टरची, त्या ५१२ बाइटची, एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. पुढे कोणी ग्रबवर विंडोज मारलं तर त्यातले फक्त पहिले ४४६ बाइट परत लिहायचे, मेनू परत आला. पूर्ण ५१२ लिहू नका, मधल्या काळात वाटण्या बदलल्या असतील तर नोंदही जुनी होईल. वाटण्यांची सुरुवात आणि आकार हे आकडे कागदावर उतरवून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग बाहेरची मोठी डिस्क जोडून अख्ख्या ८० जीबीची सेक्टर-बाय-सेक्टर प्रत काढा. डिस्क कुरकुर करत असेल तर लिनक्सची प्रत काढायची साधी कमांड, डीडी, वापरू नका, डीडीरेस्क्यू वापरा. खराब सेक्टरपाशी ते अडून बसत नाही, आधी चांगलं तेवढं उचलतं आणि मग मागे येऊन उरलेल्याशी झगडतं. जुन्या यूएसबीवर याला रात्र जाते, लागू दे. चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतलं काहीच वाचलं नाही, तेव्हा ती प्रत दुकानात नको, घरी, वरच्या मजल्यावर.